पेटीला किती मोकळीक द्यावी: रेणूंच्या सिम्युलेशनमधील दाब आणि आवर्ती पेटीचे स्थैर्य

दोनापावलाच्या किनाऱ्यावरील समुद्राच्या पाण्याचा एक अतिसूक्ष्म घन, ज्याची प्रत्येक कडा 4 नॅनोमीटरची आहे, संगणकात उभा करायचा ठरवला, तर त्यात पाण्याचे साधारण 2,100 रेणू आणि सोडियम व क्लोराइड आयनांच्या सुमारे 23 जोड्या मावतात. येथे खारटपणा दर किलोला 35 ग्रॅम धरला आहे आणि सगळे क्षार म्हणजे साधे मीठच, असे मानले आहे. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीचे गोडे पाणी मिसळू लागले की किनाऱ्यालगत हा आकडा बराच खाली येतो. संगणक या प्रत्येक अणूवर इतर अणूंनी लावलेले बल मोजतो, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवतो आणि पुन्हा बल मोजतो. दोन पावलांमधील काळ साधारणपणे 2 फेम्टोसेकंद असतो. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. त्यामुळे एका नॅनोसेकंदाची हालचाल पाहण्यासाठी हाच हिशेब पाच लाख वेळा करावा लागतो. या पद्धतीला रेणवीय गतिकी किंवा सरळ एमडी सिम्युलेशन म्हणतात. आल्डर आणि वेनराइट यांनी 1957 मध्ये टणक गोळ्यांवर ती चालवून दाखवली आणि मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये आर्गॉनच्या 864 अणूंवर ती वापरून खऱ्या द्रवाच्या अभ्यासाचा मार्ग खुला केला.

गोव्यात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातात आज ही साधने सहज येतात, कारण मोफत सॉफ्टवेअर आणि एखादे चांगले ग्राफिक कार्ड एवढ्यावर काम सुरू करता येते. मात्र सिम्युलेशन मध्येच कोलमडण्याची जी कारणे असतात, त्यांपैकी बरीच एका प्रश्नाशी येऊन थांबतात, तो म्हणजे पेटीला, म्हणजे रेणू ज्यात ठेवले त्या घनाला, आकार बदलण्याची किती आणि कोणत्या दिशेने मोकळीक दिली. या प्रश्नाकडे सहसा सेटिंगच्या फाइलमधील दोन-तीन ओळी म्हणून पाहिले जाते. माझ्या मते तो त्या पदार्थाच्या भौतिकशास्त्राचाच प्रश्न आहे, आणि तसा पाहिला तर त्याची बहुतेक उत्तरे आपोआप सुचतात.

सुरुवात पेटीच्या भिंतींपासून करू. वर सांगितलेल्या घनाला खरोखरच भिंती असत्या, तर त्यातील जवळजवळ 40 टक्के रेणू कोणत्या ना कोणत्या भिंतीपासून 0.3 नॅनोमीटरच्या आत, म्हणजे अगदी पृष्ठभागावर असते. मग तो समुद्राच्या पाण्याचा अभ्यास न राहता भिंतींचा अभ्यास झाला असता. म्हणून भिंती काढून टाकतात आणि पेटीच्या सर्व बाजूंना त्याच पेटीच्या हुबेहूब प्रती मांडल्या आहेत असे मानतात. एखादा रेणू उजवीकडून बाहेर पडला की त्याची प्रत त्याच क्षणी डावीकडून आत येते. याला आवर्ती सीमा म्हणतात. या रचनेची एक अट मात्र कधीही मोडता येत नाही. जवळच्या अणूंमधील बल जितक्या अंतरापर्यंत थेट मोजायचे ठरवले आहे, म्हणजे ज्याला कट-ऑफ म्हणतात, त्याच्या दुपटीपेक्षा पेटीची रुंदी कोणत्याही दिशेने कमी असता कामा नये. कट-ऑफ 1 नॅनोमीटर असेल, तर पेटी 2 नॅनोमीटरपेक्षा अरुंद झाली की एकाच शेजाऱ्याच्या दोन प्रती एका अणूला एकदम दिसू लागतात आणि हिशेब निरर्थक होतो. चांगले सॉफ्टवेअर अशा वेळी काम थांबवते. काम सुरू करताना ही अट सगळेच पाहतात. पण पेटीचा आकार बदलू दिला, तर ती अट शेवटच्या पावलापर्यंत पाळली जाईल याची जबाबदारी आपल्यावर येते.

भिंतीच नाहीत, तर दाब कशावर पडतो, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. दाब हा येथे हिशेबातून निघतो आणि त्याचे दोन भाग असतात. रेणू धावत असल्यामुळे ते पेटी फुगवू पाहतात. हा भाग तापमान आणि रेणूंची दाटी यांवर अवलंबून असतो आणि सामान्य तापमानाच्या पाण्यात तो एकटाच जवळजवळ 1,380 बार भरतो (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब). दुसरा भाग रेणूंमधील ओढीचा आणि रेट्याचा असून त्याला व्हिरियल म्हणतात. पाण्यात एकंदर ओढ वरचढ असल्यामुळे हा भाग ऋण असतो आणि पहिल्या भागाला जवळजवळ पूर्णपणे खोडून काढतो. आपण ज्याला 1 बार म्हणतो, तो या दोन प्रचंड आकड्यांच्या वजाबाकीतून उरलेला किरकोळ शेष आहे. रेणू क्षणोक्षणी जागा बदलत असतात, त्यामुळे दोन्ही भाग सतत थोडेथोडे हलतात आणि शेष मात्र प्रचंड उसळतो. पाण्याच्या 216 रेणूंच्या पेटीत क्षणिक दाब 500 ते 600 बारने वर-खाली होणे अगदी सामान्य मानले जाते. रेणूंची संख्या वाढली की हे हेलकावे तिच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटतात, म्हणून आपल्या 2,100 रेणूंच्या पेटीत ते 175 बारच्या आसपास येतात. अरबी समुद्रात सुमारे पावणेदोन किलोमीटर खोलीवर एवढा दाब असतो.

हे ठाऊक नसले की पहिलाच निकाल माणसाला घाबरवतो. फोंड्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा लॉग फाइल उघडून मला दाखवली. दाबाच्या रकान्यात उणे 183, त्याखाली 96, त्याखाली उणे 41 असे आकडे होते. ती म्हणाली, ‘सर, मी दाब एक बार ठेवायला सांगितला होता. हा तर उणे दाखवतोय. बॅरोस्टॅट चालतच नाहीये का?’ बॅरोस्टॅट, म्हणजे दाब राखणारी गणिती यंत्रणा, व्यवस्थित चालत होता. मी तिला एवढेच सांगितले, ‘दाबाचा रकाना झाकून ठेव आणि घनतेचा आलेख काढ.’ घनता पहिल्या काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) चढून एका पातळीवर स्थिरावली होती आणि तेथेच बारीक थरथरत होती. पाणी फारसे दबत नाही. दाब 1 बारने वाढला तर त्याचे घनफळ एक लाखात साडेचार भागांनी घटते. त्यामुळे सरासरी दाब ठरवलेल्या दाबापासून 10 बारने हुकला, तरी घनता हजारात अर्ध्या भागाहूनही कमी बदलते. छोट्या पेटीचा दाब अचूक मोजायला फार लांब सिम्युलेशन लागते, घनता मात्र लवकर आणि भरवशाने कळते.

हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली की दाबाची जोडणी, म्हणजे प्रेशर कपलिंग, का लागते तेही कळते. घनता किंचित चुकली तरी दाब अफाट चुकतो. पेटी पाण्याने भरताना कोपऱ्यांत आणि प्रथिनाभोवती फटी राहतात. घनफळ 5 टक्क्यांनी चुकले, तर सुमारे एक हजार बारचा दाब किंवा तेवढाच ताण निर्माण होतो. योग्य घनफळ आपल्याला आधी सांगता येत नाही, कारण पाण्याच्या प्रत्येक मॉडेलची 1 बार दाबाखालची घनता थोडी निराळी असते आणि ती कट-ऑफवरही अवलंबून असते. एसपीसी-ई नावाच्या प्रचलित मॉडेलमध्ये 1 नॅनोमीटरच्या पलीकडची क्षीण ओढ हिशेबात न धरता सोडून दिली, तर केवळ त्यामुळे दाबात सुमारे 200 बारचा फरक पडतो आणि घनता जवळजवळ एक टक्का खाली येते. म्हणूनच दूरच्या ओढीची दुरुस्ती चालू ठेवणे किंवा बंद ठेवणे ही बारीक बाब नसते. आपण घनफळ लादू नये, आत किती दाब आहे ते पाहून पेटीला स्वतःचे घनफळ शोधू द्यावे, हा प्रेशर कपलिंगचा सगळा हेतू आहे.

हे शोधणे कसे घडते, ते समजायला खाजन शेतीतली मानस उपयोगी पडते. मांडवी-जुवारीच्या खाडीकाठच्या बांधांमध्ये बसवलेली ही लाकडी झडप भरतीच्या पाण्याने आपोआप लागते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. दोन बाजूंच्या दाबातील फरकच ती हलवतो. आता झडप अगदी हलकी असून पाण्यात संथपणे फिरत असेल, तर दाबात जितका फरक तितकीच ती सरकेल आणि फरक संपला की थांबेल. बेरेंडसेन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धत अशी आहे. प्रत्येक पावलाला पेटीचे आणि अणूंच्या स्थानांचे माप इच्छित दाबाच्या दिशेने थोडेसे बदलायचे, इतकेच तिचे काम. झडप जड असेल, तर ती एकदा हलली की दाब सारखा झाल्यावरही आपल्या वेगाने पुढे जाते आणि मग मागे वळते. हान्स अँडरसन यांनी 1980 मध्ये पेटीच्या घनफळाला असे काल्पनिक वस्तुमान दिले, आणि त्याच वर्षी मिकेले पॅरिनेलो व अनीसुर रहमान यांनी ती कल्पना पेटीच्या संपूर्ण आकाराला लागू केली.

दोन्हींचे गुणदोष याच फरकातून येतात. बेरेंडसेन पद्धत बिघडलेल्या पेटीलाही सौम्यपणे ताळ्यावर आणते आणि सरासरी घनता बरोबर देते, पण घनफळाचे नैसर्गिक हेलकावे ती दाबून टाकते. आपल्या 64 घन नॅनोमीटरच्या पेटीचे घनफळ खऱ्या भौतिकशास्त्रानुसार सुमारे 0.35 घन नॅनोमीटरने, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, थरथरले पाहिजे. कडेच्या लांबीत हा फरक अवघा 0.007 नॅनोमीटरचा असतो. याच थरथरीच्या आकारावरून पदार्थ किती दबतो हे काढता येते, म्हणून ती चुकीची असेल तर त्यावरून काढलेली प्रत्येक गोष्ट चुकते. पॅरिनेलो-रहमान पद्धतीत ही थरथर योग्य असते. मात्र पेटी समतोलापासून दूर असताना ती लावली, तर हजार बारच्या फरकाने जड झडपेला जोराचा धक्का बसतो. पेटी आक्रसते, योग्य घनफळाच्या पलीकडे जाते, पुन्हा फुगते आणि काही वेळा हे झोके इतके वाढतात की अणू एकमेकांवर आदळून सिम्युलेशन कोसळते. म्हणून आधी सौम्य पद्धतीने घनता स्थिरावू द्यावी आणि मगच, ज्या भागातून आकडे घ्यायचे त्यासाठी, जडत्व असलेली पद्धत लावावी, असा रिवाज पडला. बर्नेत्ती आणि बुस्सी यांनी 2020 मध्ये बेरेंडसेनसारख्याच संथ पद्धतीत नेमक्या प्रमाणातले यादृच्छिक धक्के मिसळून योग्य थरथर मिळवली, आणि आता एकच पद्धत दोन्ही टप्प्यांना चालते. माझा कल नव्याने शिकणाऱ्यांना तिकडेच वळवण्याचा आहे.

झडप किती जड, हे ठरवणारा आकडा फाइलमध्ये काळाच्या रूपात लिहितात आणि तो बहुधा 2 ते 5 पिकोसेकंद ठेवतात. दाबाचे हेलकावे पाहून अस्वस्थ झालेला माणूस हा काळ 0.2 पिकोसेकंदांवर आणतो, कारण पकड घट्ट केली तर दाब शांत होईल असे त्याला वाटते. ते हेलकावे रेणूंच्या संख्येमुळे असतात आणि पकड घट्ट केल्याने जात नाहीत. उलट पेटी आतल्या रेणूंच्या हालचालींच्या वेगाशी झटापट करू लागते, आणि तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटशीही तिची लय जुळू लागते, जे आणखी वाईट.

येथपर्यंत पेटी सर्व बाजूंनी सारखीच लहान-मोठी होते असे धरले होते. खरी परीक्षा आकाराची मोकळीक देताना होते. समजा, समुद्राच्या पाण्याच्या पेटीत तिन्ही कडांना स्वतंत्रपणे बदलण्याची मुभा दिली. वरकरणी यात काहीच गैर दिसत नाही. तिन्ही दिशांना दाब 1 बार ठेवायचा आहे, मग तिन्ही कडा वेगवेगळ्या सोडल्या तर काय बिघडले? बिघडते ते असे, की द्रवाला घनफळ असते पण स्वतःचा आकार नसतो. घनफळ तेवढेच ठेवून पेटी लांबोडकी किंवा चपटी केली, तर आतले पाणी नव्या आकारात सहज बसते आणि जुन्या आकाराकडे परत खेचणारे कोणतेही बल निर्माण होत नाही. त्यामुळे दाबाचे यादृच्छिक हेलकावे कडांना ज्या बाजूला ढकलतील त्या बाजूला त्या वाहत जातात. उदाहरणादाखल, 4.00, 4.00 आणि 4.00 नॅनोमीटरच्या कडा हळूहळू 4.61, 4.43 आणि 3.13 होतात, आणि आणखी पुढे 6.0, 5.6 आणि 1.9. या तिन्ही वेळी घनफळ जवळजवळ 64 घन नॅनोमीटरच राहते, म्हणून घनतेचा आलेख शेवटपर्यंत सरळ दिसतो. शेवटची कडा मात्र 2 नॅनोमीटरच्या खाली गेली, कट-ऑफची अट मोडली आणि काम थांबले. थांबण्याच्या क्षणी पडद्यावर येणारी सूचना कट-ऑफविषयी असते, म्हणून विद्यार्थी कट-ऑफ कमी करायला धावतो. दोष त्याच्या कितीतरी आधी, आकार सांभाळू न शकणाऱ्या पदार्थाला आकाराची मोकळीक देण्यात झालेला असतो. कोनही बदलू दिले तर पेटी तिरपी होत जाते, आणि तिची खरी रुंदी कडेच्या लांबीपेक्षा कमी असल्यामुळे ही अट कडा लांब असतानाही मोडू शकते. द्रवासाठी, आणि पाण्यात विरघळलेल्या प्रथिनासाठीही, सर्व दिशांनी एकसारखा बदल हाच योग्य पर्याय आहे.

पेशीपटलाचे तसे नाही. लिपिड रेणूंच्या दोन थरांचे हे पटल पाण्याने वेढलेले असते, आणि त्याची जाडी व क्षेत्रफळ पटलाच्या स्वभावानुसार ठरतात. डीपीपीसी या लिपिडचे 50 अंश सेल्सियसला प्रत्येक रेणूमागे क्षेत्रफळ सुमारे 0.63 चौरस नॅनोमीटर असते, म्हणजे एका थरात 64 लिपिड असतील तर पटलाची बाजू 6.35 नॅनोमीटरच्या आसपास यायला हवी. सर्व दिशांनी एकसारखा बदल लावला, तर पटल पसरायचे असताना वरखालच्या पाण्यालाही त्याच प्रमाणात फुगावे लागेल. पाणी ते होऊ देणार नाही आणि पटल सुरुवातीला आपण दिलेल्या क्षेत्रफळात अडकून पडेल. म्हणून पटलाच्या प्रतलातील दोन दिशा एकत्र बांधतात आणि उभी दिशा वेगळी सोडतात. मग प्रतलातील दोन दिशाही वेगवेगळ्या का सोडू नयेत? कारण त्या तापमानाला पटल स्वतःच्या प्रतलात द्रवासारखे असते. क्षेत्रफळ ते राखते, पण चौरस आकार राखत नाही. तशी मोकळीक मिळाली तर पटल लांब पट्टीसारखे होत जाते आणि पुन्हा तोच कट-ऑफचा शेवट समोर येतो.

स्फटिक या दोघांच्या उलट वागतो. त्याला आकार असतो, वाकवू पाहणाऱ्या बलाला तो विरोध करतो, म्हणून तिन्ही कडा आणि तिन्ही कोन अशी सहा मापे मोकळी सोडली तरी पेटी वाहून जात नाही. उलट येथे मोकळीक न देणे ही चूक ठरते. पॅरिनेलो आणि रहमान यांच्या 1980 च्या कामाचा गाभा हाच होता. पेटी घनाकारात बांधून ठेवली, तर अणूंना दुसरी स्फटिकरचना हवी असली तरी ती घेता येत नाही. पेटी मोकळी होताच अणूंमधील बलानुसार स्फटिक आपली रचना स्वतः निवडू शकतो. एक तांत्रिक तपशील येथे सांगायला हवा. पेटीचे तीन सदिश म्हणजे नऊ आकडे, पण आकाराची मापे सहाच. उरलेले तीन आकडे पेटीच्या नुसत्या फिरण्याचे असतात. ते वेगळे काढले नाहीत तर स्फटिक पेटीसकट हळूहळू फिरू लागतो, म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर पहिला सदिश एका अक्षावर आणि दुसरा एका प्रतलात कायमचा बसवून टाकते.

प्रथिनाचे अणू सुरुवातीच्या टप्प्यात जागेवर बांधून ठेवलेले असतील, तर पेटी बदलताना ते ज्या जागांना बांधले आहेत त्या जागाही प्रमाणात सरकवाव्या लागतात; नाहीतर बंधनांच्या ओढीची भर दाबाच्या हिशेबात पडते आणि पेटी खोट्या दाबाला प्रतिसाद देत बसते.

द्रवाच्या पृष्ठभागाचा अभ्यास हे मोकळिकीचे सर्वांत टोकाचे उदाहरण आहे. मिठागरातल्या पाण्याचा हवेलगतचा थर तपासायचा असेल, तर पेटीच्या मधोमध पाण्याचा जाड थर आणि त्याच्या वर-खाली मोकळी जागा ठेवतात. त्या मोकळ्या जागेत दाबाला विरोध करणारे जवळजवळ काहीच नसते, म्हणून उभ्या दिशेने 1 बारचा बॅरोस्टॅट लावला की पेटी मोकळी जागा संपेपर्यंत मिटत जाते आणि ज्याचा अभ्यास करायचा तो पृष्ठभागच नाहीसा होतो. येथे पेटीचे माप पूर्णपणे स्थिर ठेवतात. पाण्याचा थर स्वतःच फुगून किंवा आक्रसून आपली घनता शोधतो, कारण त्याला हवी ती जागा वर-खाली आधीच दिलेली असते. पृष्ठताण उभ्या आणि आडव्या दिशांच्या दाबांतील सरासरी फरकाला पेटीच्या उंचीच्या निम्म्याने गुणून काढतात. निम्म्याने, कारण आवर्ती पेटीतल्या त्या थराला वरचा आणि खालचा असे दोन पृष्ठभाग असतात. शुद्ध पाण्याचा 25 अंश सेल्सियसला प्रत्यक्ष मोजलेला पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर आहे, आणि निवडलेले मॉडेल त्याच्या किती जवळ येते, हे मीठ घालण्यापूर्वीच तपासून घ्यावे.